वेबसाइटचे सुटसुटीत पत्ते: कुणी कुठली वाट धरावी

डेटाबेसवर चालणाऱ्या वेबसाइटचे पत्ते सुरुवातीला साधारण असे असतात: /पदार्थ.पीएचपी?प्रकार=३&क्र=४७. (वाचायला बरं म्हणून पत्ते देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात ते रोमन. खरोखर देवनागरी असेल तिथे तसं सांगेन.) सर्व्हरचं याने काही अडत नाही. पण बेळगावच्या खडेबाजारातल्या मिठाईवाल्याला कुंद्याच्या खोक्यावर /पदार्थ/कुंदा असं छापायचं असतं आणि तेच फोनवर गिऱ्हाइकाला सांगायचं असतं.

इथे दोन निर्णय एकात गुंततात. पत्ता सर्व्हरवर कसा वळवायचा हा एक, आणि पत्त्यात लिहायचं काय हा दुसरा. वाद पहिल्यावरच जास्त होतात. खरं तर सर्व्हरची मांडणी एका दुपारी बदलता येते. छापलेला, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला पत्ता परत गोळा करता येत नाही.

आधी वळवण्याच्या वाटा.

काहीच न करणं हाही पर्याय आहे. ‘प्रश्नचिन्ह असलं की गुगल पान घेत नाही’ असं अजून ऐकू येतं, ते खरं नाही. गुगल असे पत्ते व्यवस्थित वाचतं. अडचण होते ती एकच पान वेगवेगळ्या पत्त्यांनी उघडतं तेव्हा, आणि माणसांना पत्ता लक्षात ठेवायचा असतो तेव्हा. उद्यमबागेतल्या फौंड्रीची माल-नोंदवही फक्त कामगार लॉगिन करून बघणार असतील, तर प्रश्नचिन्ह राहू दे. वेळ दुसरीकडे घाला.

दुसरी वाट /इंडेक्स.पीएचपी/पदार्थ/कुंदा. फाइलीच्या नावापुढचा भाग पीएचपीला (साइट जिच्यात लिहिली त्या भाषेला) ‘पाथ इन्फो’ म्हणून मिळतो. होस्टिंगवाला पत्ते वळवू देत नसेल तेव्हाच ही घ्यावी. चालते, पण दिसते अर्धवटच.

तिसरी वाट बहुतेकांची: अपाचे सर्व्हरवर मॉड-रीराइट. रॅल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिलेलं हे मॉड्यूल आजही स्वस्त सामायिक होस्टिंगवर सर्रास चालतं. नियम .एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाइलीत लिहायचे. लाइटस्पीड सर्व्हरही ती फाइल वाचतो. यातही दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक प्रकारच्या पानाला वेगळा नियम: पदार्थांना एक, बातम्यांना एक, शाखांना एक. पाच-सहा प्रकार असेपर्यंत हे सरळ दिसतं. मग जुन्या पत्त्यांची सोय करायची वेळ येते आणि गंमत सुरू होते. रीराइटरूलला, म्हणजे नियमाच्या त्या ओळीला, प्रश्नचिन्हानंतरचा भाग दिसतच नाही, त्यासाठी वेगळी अट घालावी लागते. शिवाय जुना पत्ता नव्याकडे पाठवायचा आणि नवा आतल्या आत जुन्या फाइलीवर न्यायचा, असे दोन नियम आले की ते एकमेकांना चेंडू टाकत बसतात आणि ब्राउझर कंटाळून ‘फार वेळा वळवलं’ म्हणतो. ब्राउझरने पाठवलेली मूळ विनंती तपासणारी अट घातली की हे थांबतं, पण ती समजून लिहिणारा माणूस हाताशी हवा.

दुसऱ्या पद्धतीत अशी फाइल किंवा फोल्डर खरोखर नसेल तर सगळंच इंडेक्स.पीएचपीकडे द्यायचं, आणि पत्ता ओळखायचं काम तिने करायचं. वर्डप्रेस, लाराव्हेल अशा साइट बनवायच्या तयार चौकटी हेच करतात. अपाचे २.२.१६ पासून ‘फॉलबॅक रिसोर्स’ या एका ओळीतही हे होतं. माझं मत याच बाजूला. जुने पत्ते वळवायचे असोत की न सापडलेल्या पानाला ४०४ द्यायचा असो, सगळं एका जागी, नेहमीच्या पीएचपीत लिहिता येतं. दोन गोष्टींकडे मात्र लक्ष ठेवा. चित्रं आणि स्टाइलच्या लिंका तिरक्या रेघेने सुरू करा, नाहीतर /पदार्थ/कुंदा उघडल्यावर ब्राउझर त्या /पदार्थ/ फोल्डरात शोधेल आणि पान उघडंबोडकं दिसेल. आणि पत्ता गोंडस झाला म्हणून आतलं सुरक्षित झालं असं समजू नका; तिथून आलेला मजकूर थेट डेटाबेसच्या क्वेरीत चिकटवला तर धोका पूर्वीइतकाच राहतो.

स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर अपाचेऐवजी एन्जिनएक्स. त्याला .एचटीअ‍ॅक्सेस कळत नाही. ‘ट्राय फाइल्स’ची एक ओळ मुख्य मांडणीत लिहून तो रीलोड करायचा. वेगाला चांगला, पण प्रत्येक बदलासाठी सर्व्हरचा ताबा असलेला माणूस लागतो. गावातल्या साहित्य संघाने या भानगडीत पडू नये.

आता पत्त्यात काय लिहायचं.

मराठी वेबसाइट, मग पत्ताही देवनागरीत, असं वाटणं अगदी साहजिक आहे. ब्राउझरच्या पट्टीत तो दिसतोही छान. पण पत्त्याच्या नियमांत देवनागरी अक्षर थेट बसत नाही. प्रत्येक देवनागरी चिन्हाचे (युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत) तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन रोमन चिन्हांत लिहिला जातो. काना, मात्रा, अनुस्वार हेही स्वतंत्र चिन्ह, म्हणजे एकेका चिन्हाला नऊ. ‘कुंदा’ची झाली ४५. पट्टीतून पत्ता उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की बहुतेक वेळा ही टक्क्यांची माळच पडते, आणि ती बघून निम्मे लोक लिंक संशयाने सोडून देतात.

वर्डप्रेसवाल्यांची आणखी एक पंचाईत आहे. तिथे नावाच्या तुकड्याला २०० चिन्हांची मर्यादा असते, टक्के धरून. म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं. ‘कडोली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जाहीर’ या मथळ्याचा पत्ता ‘कडोली-मराठी-साहित्य-संमे’ इथे तुटतो. पुढच्या वर्षी तसाच मथळा दिलात तर तुकडाही तोच निघतो, म्हणून शेपटीला ‘-२’ लागतं, त्याच्या पुढच्या वर्षी ‘-३’.

रोमनमध्ये ही कटकट नाही, तिथे दुखणं स्पेलिंगचं. निपाणीला एक पी की दोन, खानापूरला यू की दोन ओ? बेळगावचं इंग्रजी नाव तर १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बदललं. ज्यांनी पत्त्यांत जुनं घातलं होतं त्यांच्यापुढे ते ठेवायचं की बदलायचं हा प्रश्न आला. गावाचं नाव पत्त्यात गरजेपुरतंच ठेवलेलं बरं.

म्हणून मी क्रमांक आणि नाव यांची जोडी सुचवतो: /पदार्थ/४७-कुंदा. सर्व्हरने फक्त ४७ बघायचं. नाव चुकलं, अर्धं तुटलं, उद्या ‘कुंदा’चं ‘शाही कुंदा’ केलं, तरी पान सापडतं; नाव जुळलं नाही तर ३०१ (‘पान कायमचं हललं’ असा संकेत) देऊन योग्य पत्त्यावर न्यायचं. पत्ता एखाद्या अंकाने लांबतो, तेवढं सोसावं.

आपल्याकडे याचा आणखी एक उपयोग होतो. दुकान असो की पतसंस्था, मराठीबरोबर कन्नड पानं लागतातच. भाषा कुकीत लपवू नका, पत्त्यात दाखवा: /एमआर/पदार्थ/४७-कुंदा आणि /केएन/पदार्थ/४७-कुंदा. क्रमांक एकच, त्यामुळे भाषा बदलण्याचं बटण आपोआप जुळतं आणि ‘एचरेफलँग’ची खूण (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते गुगलला सांगणारी) घालायला वेगळी यादी लागत नाही. कन्नड लिपीच्या चिन्हांचेही तीन-तीनच बाइट होतात, तेव्हा तिथेही पत्ता रोमनच ठेवा.

डोमेनच देवनागरीत हवं तर २०१४ पासून .भारत मिळतं. पाटीवर शोभतं, घ्या, पण मुख्य साइट रोमन डोमेनवर ठेवून ते तिकडे वळवा.

जुने पत्ते असतील तर बदलाच्या पहिल्या दिवशी ३०१ लावू नका. ब्राउझर ते पक्कं लक्षात ठेवतो आणि चुकीचा नियम तुम्ही सुधारला तरी गिऱ्हाइकाचा फोन जुन्याच जागी जात राहतो. आधी ३०२ (तात्पुरतं वळवण्याचा संकेत) ठेवून सगळे प्रकार तपासा, नीट वाटलं की ३०१ करा.