एचव्ही टेस्टर ५ केव्ही/१०० एमए: नऊ महिन्यांनंतर, लीड तुटल्यावर

एचव्ही टेस्टर म्हणजे तयार पीसवर जास्त व्होल्टेज देऊन त्याचं इन्सुलेशन टिकतं का ते पाहणारं मशीन; हे ५ हजार व्होल्ट आणि १०० मिलिअँपिअरपर्यंतचं (एमए म्हणजे मिलिअँपिअर). बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती परत लिहीत नाही. मशीन २ किलोवॉटच्या स्टोरेज गीझरच्या उत्पादनाच्या लाइनवर आहे. रोजचे दोनेकशे पीस, १५०० व्होल्ट एसी, १ सेकंद. आयईसी ६०३३५-१ या घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या परिशिष्ट ‘अ’प्रमाणे लाइनवरच्या टेस्टला बेसिक इन्सुलेशनसाठी (शॉकपासून वाचवणारं मूळ इन्सुलेशन) १००० व्होल्ट आणि ५ एमए ट्रिप (करंट त्याहून वर गेला की फेल) पुरते. १५०० हा गिऱ्हाइकाचा हट्ट.

व्होल्टेज स्थिर, रॅम्प गुळगुळीत, फूटस्विच दणकट. यात खोट काढायला जागा नाही. खोट आहे ती एकच, आणि पुढचं सगळं तिच्याबद्दलच आहे: हे मशीन काहीही न जोडता ‘पास’ देतं.

लीड, म्हणजे पीसला व्होल्टेज देणारी वायर, हवेत लटकत ठेवा आणि फूटस्विच दाबा. डिस्प्लेवर ०.०८ एमए, हिरवा दिवा, पास. हे ०.०८ म्हणजे लीडचा स्वतःचा कपॅसिटिव्ह करंट, एसीमुळे चांगल्या इन्सुलेशनमधूनही वाहणारा. करंट हाय लिमिटच्या खाली आहे ना, मग पीस चांगला, एवढंच मशीनला कळतं. यावर उपाय म्हणजे लो लिमिट: करंट तिच्याही खाली असला तर फेल. ती सोय मशीनमध्ये आहे, पण कंपनीतून ०.०० वर येते, आणि मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकली आहे. त्याहून वाईट म्हणजे नवा प्रोग्रॅम सेव्ह केला की ती गुपचूप परत ०.०० होते. असला प्रकार साध्या मेगरमध्येही (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) खपणार नाही.

सहाव्या महिन्यात हा रिव्ह्यू लिहिला असता, तर आर्क डिटेक्शनला (ठिणगी ओळखणाऱ्या सर्किटला) एकच तारा दिला असता. तोच पीस एकदा ‘आर्क फेल’, लगेच पुन्हा लावला की पास. आता मत पूर्ण बदललं आहे. आर्क सर्किट खरं सांगत होतं, फक्त ठिणगी गीझरमध्ये नव्हती, लीडमध्ये होती.

लाल सिलिकॉन लीड कनेक्टरच्या रबरी बुटातून बाहेर पडते, तिथून दोन बोटांवर ती दिवसभर वाकत राहते. आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात, वरचं सिलिकॉन मात्र नव्यासारखं. मल्टीमीटर बीपवर लावून लीड सरळ धरली की वाजतो, वाकवली की गप्प. टोकांमधली फट दोन-तीन दशांश मिलिमीटर असेपर्यंत १५०० व्होल्टचं पीक, म्हणजे साधारण २१२० व्होल्ट, ती ओलांडतं आणि ‘आर्क फेल’ येतं. फट वाढली की ठिणगी बंद. मग व्होल्टेज गीझरपर्यंत पोचतच नाही आणि पीसमागून पीस पास होत जातात. म्हणजे लीड जितकी जास्त तुटलेली, तितकं रिजेक्शन कमी!

सर्व्हिसवाल्यांचं निदान: आर्कचं कार्ड गेलंय, बदलावं लागेल. लीड वाकवून दाखवल्यावर कार्डाची गोष्ट मागे पडली, पण लीड म्हणे ‘कन्झ्युमेबल’, वॉरंटीत नाही. तिचा भाव ऐकून जास्त व्होल्टेजची सिलिकॉन वायर मीटरवर आणून लीड बनवणंच परवडतं. टोक सोल्डर करू नका. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि तिथेच तुटते. क्रिंप करा (टोक दाबून घट्ट बसवा) आणि वरून हीट-श्रिंक स्लीव्हचे दोन थर चढवा.

आता लिमिट. कोरडा, चांगला पीस या लाइनवर ०.४५ ते ०.६ एमए दाखवतो, म्हणून लो ०.२५ आणि हाय १.५ ठेवा. ५ एमए ही मानकातली वरची मर्यादा आहे, ती तशीच ठेवायची सक्ती नाही. हाय लिमिट खाली ठेवायची गरज जून ते सप्टेंबर जास्त जाणवते. हीटरच्या नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड तोंडाच्या सीलमधून ओल ओढते. मेगरवर २ मेगओहमपर्यंत उतरलेला हीटर १५०० व्होल्टला जेमतेम ०.७५ एमए रेझिस्टिव्ह करंट घेतो. त्यात कपॅसिटिव्ह ०.५ मिळवला तर १.२५ होत नाही. दोघांत ९० अंशांचा फरक असल्याने ०.९ दिसतो. हाय लिमिट ५ वर असेल तर असे पीस बिनबोभाट निघून जातात, आणि १.५ लासुद्धा हा नेमका सुटतोच. म्हणून पावसाळ्यात हीटर बसवण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर लावाच. ओले निघालेले हीटर ओव्हनमध्ये १२० अंशांवर काही तास भाजले की बहुतेक सुधारतात.

पास फसवा निघण्याची दुसरी वाट अर्थिंगची. रिटर्न (करंट मशीनकडे परत येण्याची वाट) प्लगच्या अर्थ पिनवरून घेतला आणि आत अर्थची वायर सुटलेली असली, तर पुन्हा तेच: करंट नाही, म्हणून पास. त्यामुळे अर्थ कंटिन्युइटी (अर्थची वायर अखंड आहे का ही टेस्ट) आधी, १० अँपिअर देऊन, वायरसकट ०.२ ओहमच्या आत. एचव्ही त्यानंतर. एचव्हीला एल आणि एन (लाइव्ह आणि न्यूट्रल) एकत्र शॉर्ट करून द्या. आत इलेक्ट्रॉनिक रिले असेल तर रिलेपुढचा भाग तरीही सुटतो, तो वेगळा तपासावा लागतो.

रोज सकाळी मशीनच तपासायला एक डबी करा. ८२ किलोओहमचे दहा रेझिस्टर सिरीजमध्ये, १ वॉटचे: १.८३ एमए, फेल यायला हवं. १२० किलोओहमचे दहा: १.२५ एमए, पास. मग लीड मोकळी सोडून तिसरी टेस्ट, ती लो लिमिटला फेल झाली पाहिजे. वर्षाच्या कॅलिब्रेशनमध्ये ही तिसरी टेस्ट कोणी करून देत नाही, सर्टिफिकेटवर व्होल्ट आणि एमए असतात.

आणि १०० एमएचा मोह धरू नका. तो आकडा टाइप टेस्टच्या (मॉडेलच्या नमुन्याची पूर्ण तपासणी) लॅबला लागतो. लाइनवर २० एमएचं मॉडेल भरपूर झालं. ते हलकं, स्वस्त, आणि चुकून कोणाचा हात लागलाच तर थोडं कमी घातक. गार्ड आणि इंटरलॉक (गार्ड उघडं असेल तर व्होल्टेज येऊ न देणारी सोय) मात्र त्यालाही हवंच.

तीन तारे. प्रोग्रॅम सेव्ह केल्यावर लो लिमिट जागेवर राहिली तर चौथा देईन.