परशादा, वाहेगुरूजी: अमृतसरच्या लंगरविषयी

अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या, म्हणजे हरमंदिर साहिबच्या परिक्रमेतून पूर्वेच्या बाजूला वळलं की आधी भांड्यांचा आवाज येतो आणि मग श्री गुरू रामदास लंगर हॉल दिसतो. लंगर म्हणजे गुरुद्वारातलं सगळ्यांसाठीचं मोफत जेवण. स्टीलची हजारो ताटं, वाट्या, चमचे एकाच वेळी घासले जात असतात आणि रात्रीही हा आवाज बंद होत नाही. रोज साधारण ५० हजार माणसं इथे जेवतात. सुट्टीच्या आणि सणाच्या दिवशी आकडा लाखाला टेकतो. कूपन नाही, पावती नाही, ओळखपत्र नाही. दारात ताट हातात देणारा तुमचं नाव विचारत नाही. नाव नाही म्हणजे आडनाव नाही, आणि आडनावावरून आपल्याकडे जे जे ताडलं जातं, त्यातलं काहीच इथे ताडता येत नाही.

माणसाला तो काय मानतो यावरून जोखावं की तो काय करतो यावरून, यावर कितीही चर्चा करता येईल. लंगरने आपलं उत्तर बसायच्या आणि वाढायच्या पद्धतीत घालून ठेवलं आहे. श्रद्धेची चौकशी शून्य, वागण्याचे नियम मात्र ठरलेले आणि सगळ्यांना सारखे. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने ते नीट समजून गेलेलं बरं.

चपला-बूटच नव्हे, पायमोजेही काढायचे. ते जोडाघरात द्यायचे आणि टोकन जपून ठेवायचं. गर्दीत टोकन हरवलं तर आपला जोड शोधणं फार कठीण जातं. प्रवेशद्वाराशी पाण्याचा उथळ चर असतो, त्यातून पाय धुऊनच पुढे जायचं. डोकं झाकणं स्त्री-पुरुष दोघांनाही सक्तीचं. टोपीपेक्षा मोठा रुमाल किंवा ओढणी चांगली. नसेल तर दाराशी पेटीत कापडं ठेवलेली असतात, ती फुकट घ्यायची आणि जाताना परत टाकायची. आपल्याकडच्या लोकांची सर्वात जास्त फजिती होते ती तंबाखूवरून. खिशातली पुडी, गुटखा, विडी, सिगारेट, काहीही आत न्यायचं नाही. शीख मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे आणि 'खात नाही, नुसती खिशात आहे' हे कारण चालत नाही. खोलीवरच ठेवून निघा. सरोवराच्या काठावर बसताना पाय पाण्यात सोडायचे नाहीत.

लंगर हॉलमध्ये एका वेळी एक पंगत बसते. हा शब्द आपला आणि त्यांचा एकच. बाहेर थांबलेली माणसं एकदम आत सोडतात, त्यामुळे दार उघडताना रेटारेटी होते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर कडेने चाला, घाई करू नका. पुढची पंगत थोड्याच वेळात लागते, जेवण संपत नाही. जमिनीवर लांब पट्ट्या अंथरलेल्या असतात, जिथे रांग पोचेल तिथे मांडी घालून बसायचं. ओळखीच्यांसाठी जागा धरून ठेवायची नाही. शेजारी दिल्लीचा व्यापारी येईल, बिहारचा मजूर येईल, परदेशी पाहुणा येईल. आपल्याकडे देवळातल्या उत्सवांतही कोणाची पंगत कुठे आणि कितवी, हे जातीवरून ठरायचं, ते आठवलं की या पट्ट्यांचं मोल कळतं. तिसरे गुरू अमरदास यांनी भेटीला येणाऱ्यासाठी 'पहिले पंगत, फिर संगत', म्हणजे आधी पंगतीत जेवण आणि मग गुरूंची भेट, असा दंडक घातला होता आणि अकबर बादशहालाही गोइंदवालला, गुरूंच्या गावी, आधी पंगतीत बसावं लागलं, असं शीख परंपरा सांगते.

जमिनीवर बसण्याबाबत इथे तडजोड नाही. कॅनडातल्या काही गुरुद्वारांत टेबल-खुर्च्यांवर लंगर देण्यावरून मोठा वाद झाला, तेव्हा १९९८ मध्ये अकाल तख्ताने, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा असा हुकूम काढला. गुडघे दुखणाऱ्यांना हे जड जातं. त्यांनी भिंतीच्या कडेची जागा गाठावी आणि सोबत्याच्या आधाराने उठावं.

वाढणारे बादली आणि डाव घेऊन भराभर पुढे सरकतात. डाळ, एखादी भाजी, बऱ्याचदा भात आणि खीर. पोळीला इथे 'परशादा' म्हणतात. वाढपी 'परशादा, वाहेगुरूजी' म्हणत येतो तेव्हा दोन्ही हात जोडून ओंजळीसारखे वर धरायचे, तो पोळी हातात टाकतो. नवखा माणूस ताट पुढे करतो किंवा एका हाताने पोळी उचलायला जातो. सेवेकरी रागावत नाहीत, पण दोन हात दिसेपर्यंत थांबतात. घेणारा कोणीही असो, गरीब किंवा गडगंज, त्याने हात पसरूनच घ्यायचं. या एका कृतीत सगळे सारखे होतात, आणि लंगरमधली मला सर्वात जास्त पटणारी गोष्ट हीच आहे.

आपल्यासारखा आग्रह इथे करत नाहीत. मागाल तितकं, मागाल तितक्या वेळा वाढतात. नको असेल तर वाढायच्या आधीच ताटावर हात आडवा धरा. टाकणं मात्र फार वाईट दिसतं. खीर गोड आणि दाट असते, म्हणून पहिल्या वेळी अर्धी वाटीच घ्या. चवीबद्दल खरं सांगायचं तर डाळ घट्ट, शांत आणि पोटभरीची, तिखट बेताचं. आमटीला सरावलेल्या जिभेला ती थोडी सौम्य लागेल. स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो, पण कांदा-लसूण असतो. न खाणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवावं. मोठ्या तव्यांवर भाजलेली, तूप लावलेली पोळी गरम मिळाली तर उत्तम. गर्दीच्या दिवशी यंत्रावरची पोळी येते, ती थोडी कोरडी पडते आणि गार झाल्यावर चिवट होते. डाळीत बुडवून खा.

या खिरीला मोठी परंपरा आहे. दुसऱ्या गुरूंच्या, अंगददेवांच्या पत्नी माता खीवी लंगरची व्यवस्था पाहत आणि तूप घातलेली खीर वाढत, याचा उल्लेख प्रत्यक्ष गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. तो करणारे सत्ता आणि बलवंड हे गुरूंच्या दरबारातले रबाबी, म्हणजे रबाब वाजवून गाणारे, परंपरेने मुसलमान. त्याच ग्रंथात शेख फरीद आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत आणि आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. शिंप्याचं, चांभाराचं, विणकराचं आणि सूफी फकिराचं वचन एकाच ग्रंथात आणि एकाच मानाने वाचलं जातं. नामदेव जिथे राहिले ते घुमान पंजाबातल्याच गुरदासपूर जिल्ह्यात आहे. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. अमृतसरला गेलेल्या मराठी माणसाने एक दिवस त्यासाठी जरूर काढावा.

जेवण चालू असताना पाण्याची गाडी फिरते. वाटी पुढे करायची, पाणी मिळतं. पाणी वाढणाऱ्याकडे पाहिलं की भाई कन्हैया आठवतात. आनंदपूरच्या लढाईत ते जखमींना पाणी पाजत फिरत. शत्रूच्या सैनिकांनाही पाजतात म्हणून तक्रार गुरू गोबिंदसिंगांकडे गेली, तेव्हा गुरूंनी त्यांना पाण्याबरोबर मलमही दिलं, असं सांगतात.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही, आणि सगळं जमलेलंही नाही. १९२० सालापर्यंत याच हरमंदिरातले पुजारी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या शिखांचा कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, स्वीकारत नव्हते. १२ ऑक्टोबर १९२० ला खालसा बिरादरी या शीख सुधारक संघटनेची मंडळी अशा नव्याने अमृत घेतलेल्यांना, म्हणजे खालसा दीक्षा घेतलेल्यांना, घेऊन प्रसादासह आत गेली. पुजाऱ्यांनी आधी नकार दिला, वाद झाला, शेवटी गुरू ग्रंथ साहिब उघडून, समोर येईल ते वचन आज्ञा मानून, हुकूम घेतला गेला आणि तो आलेल्यांच्या बाजूने निघाला. त्यातूनच पुढे गुरुद्वारा सुधार चळवळीने जोर धरला आणि त्याच वर्षी गुरुद्वारांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. आजही पंजाबातल्या अनेक गावांत दलितांचे गुरुद्वारे वेगळे आहेत. हरमंदिराच्या गाभ्यात स्त्रियांना कीर्तनाची संधी मिळावी, असा ठराव पंजाब विधानसभेने २०१९ मध्ये केला. पंगतीत पाळली जाणारी समता गावाच्या वेशीपर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहेच. पण पंगत निदान रोज डोळ्यांसमोर मांडली जाते आणि तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्या ठिकाणी जाब विचारता येतो.

नांदेडकरांना यातलं बरंच ओळखीचं असेल. गुरू गोबिंदसिंगांचं १७०८ मध्ये जिथे निर्वाण झालं, त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबलाही लंगर आहे आणि नियम हेच. नांदेड ते अमृतसर सचखंड एक्स्प्रेस धावते, अंतर २ हजार किलोमीटरच्या वर. वाटेतल्या काही स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना डब्यापर्यंत लंगर आणून देतात, मग तो स्लीपरचा असो की जनरलचा. ताट किंवा डबा आपला असावा लागतो, तेव्हा एक रुंद तोंडाचा डबा बरोबर ठेवा. गाडी फार लेट झाली तर वेळा चुकतात, म्हणून थोडी शिदोरी हवीच.

पैसे द्यायचे असतील तर गोलकमध्ये, म्हणजे दानपेटीत, टाका किंवा खिडकीवर पावती करा. कणीक, डाळ, तूप, साखर असा शिधाही घेतात; तो कोरडा आणि बंद पाकिटात असावा. ताट हातात आल्यावर वाढप्याला पैसे देऊ पाहणं चुकीचं, ते घेत नाहीत.

सेवा करायची असेल तर नाव नोंदवावं लागत नाही, कुठला धर्म हेही सांगावं लागत नाही. लसूण-कांदा सोलणाऱ्यांच्या घोळक्यात जागा करून बसा. लाटायला येत असेल तर पोळ्यांकडे जा. लाटी लहान आणि जाडी सारखी हवी, नाहीतर तव्यावर एक बाजू कच्ची राहते. भांड्यांकडे जाणार असाल तर अंगठी आणि घड्याळ काढून आत ठेवा, बाह्या कोपराच्या वर करा. आधी खरकटं काढून टाकतात, मग ताट एका हौदातून दुसऱ्यात जातं. साबणाच्या हौदाशी उभे असाल तर कडेची दुमड घासायला विसरू नका, तूप तिथेच राहतं आणि पुढच्याला परत टाकावं लागतं. जमीन ओली आणि तुपाने निसरडी असते, अनवाणी पाय जपून टाका. थकलात की शेजारच्याला नुसती खूण करा आणि बाजूला व्हा, तुमच्या जागी लगेच दुसरा उभा राहतो. बाहेर पडलात की वाटीतून चहा मिळतो, तोही दिवसरात्र.