दारावरचा कॅमेरा, सज्जाखालचा कॅमेरा आणि पहाटेचे ४:१७

दोन वर्षं वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे खोका उघडतानाचं कौतुक यात सापडणार नाही. कॅमेरे दोन. एक दाराच्या चौकटीवर, बेलचं बटण असलेला, बॅटरीवर चालणारा. दुसरा वर सज्जाखाली, वायरचा. त्याला फाटक आणि समोरचा रस्ता दिसतो आणि त्याचं चित्रण घरातल्या रेकॉर्डरच्या डिस्कवर साठतं. दोन्ही एकाच कंपनीचे. नाव लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारींतल्या निम्म्या या वर्गातल्या कुठल्याही कॅमेऱ्याला लागू होतील आणि उरलेल्या निम्म्या माझ्या स्वतःच्या आळशीपणाच्या आहेत.

पहिलं वर्षभर कुणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते. त्यातले चार आईमुळे. तिला गुडघ्यांमुळे दारापर्यंत जाणं जड जातं. बेल वाजली की ती खुर्चीतूनच फोनवर बघते आणि “नको आहे आम्हाला काही” असं फोनमधूनच सांगते. एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा दारावरचा कॅमेरा घ्यावा.

मग फाटकासमोर रात्री एक दुचाकी धडकली आणि धडक देणारा पळून गेला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. म्हणाले, नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमाराचं दाखवा. मी ऐटीत नऊ पाच ते नऊ पंधरा लावलं. रस्ता रिकामा. एक मांजर गेलं. पुढे गेले, मागे गेले, शेवटी आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांवर ती धडक सापडली. त्यांनी स्वतःच्या फोनवरचं घड्याळ पडद्याशेजारी धरलं, दोन्हींचा एकत्र फोटो काढला आणि वहीत टिपलं: रेकॉर्डर ११ मिनिटं ४० सेकंद मागे. मला म्हणाले, “ताई, हे नेहमीचंच आहे.”

माझं काम हिशेबाचं. दोन खाती पैशाने जरी जुळली नाहीत तरी मला रात्री झोप येत नाही. आणि माझ्याच घरात दोन वर्षं एक घड्याळ रोज सेकंदभर मागे पडत होतं, मला पत्ता नव्हता. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवून घ्यायची सोय मेनूत तिसऱ्या पायरीवर दडलेली होती. कारखान्यातूनच बंद आलेली. बसवून देणाऱ्याने ती बघितली नाही, मीही नाही.

नेमकी त्याच सुमाराला मी आयडाहोतल्या खुनांच्या तपासाची कागदपत्रं वाचत होते. अमेरिकेतलं मॉस्को नावाचं विद्यापीठाचं गाव. १३ नोव्हेंबर २०२२च्या पहाटे भाड्याच्या एका घरात चार विद्यार्थ्यांचा चाकूने खून झाला. डिसेंबरच्या अखेरीस ब्रायन कोहबर्गरला अटक झाली आणि जानेवारी २०२३मध्ये पोलिसांचं शपथपत्र खुलं झालं. ते मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा पोटात गोळा आला म्हणून, दुसऱ्यांदा हिशेबनिसाच्या नजरेने.

बातम्यांमुळे वाटतं की कॅमेऱ्याने खुनी पकडला. शपथपत्र वाचलं की कळतं, त्या पहाटे घराजवळच्या कुठल्याच कॅमेऱ्याने त्याचा चेहरा दिला नाही. त्यांनी दिल्या त्या वेळा. पांढरी गाडी त्या घरावरून तीनदा गेली. ४:०४च्या सुमारास चौथ्यांदा आली. ४:२०ला भरधाव निघून गेली. आणि मधल्या त्या सोळा मिनिटांतली सगळ्यात अंगावर येणारी नोंद शेजारच्या घराच्या कॅमेऱ्याची आहे. खून झालेल्या एका खोलीच्या भिंतीपासून हा कॅमेरा पन्नास फुटांच्याही आत होता. ४:१७ला त्याने काही पाहिलं नाही, ऐकलं: बोलण्यासारखा किंवा कण्हण्यासारखा अस्पष्ट आवाज, मग काहीतरी जोरात आदळल्याचा आवाज, आणि तेव्हापासून कुत्र्याचं भुंकणं. संशयिताचा फोन २:४७ ते ४:४८ नेटवर्कवर दिसतच नव्हता. फोनच्या खात्यात दोन तासांचं पान कोरं, आणि ते पान भरलं लोकांच्या घरांवरच्या कॅमेऱ्यांनी. यातला गाडी टिपणारा कॅमेरा माझ्यासारखा अकरा मिनिटं मागे असता आणि कुणी ते टिपलं नसतं, तर गाडी निघून गेल्यावर आवाज आला असं कागदावर दिसलं असतं.

तर या परीक्षणाचा निकष तिथून आला. ४के, रुंद कोन, रात्रीसुद्धा रंगीत, हे खोक्यावरचं सगळं बाजूला ठेवलं आणि माझ्या दोन कॅमेऱ्यांना एकच प्रश्न विचारला: तुमच्यासमोर ती पहाट आली असती तर तुम्ही काय सांगितलं असतं?

दारावरचा सपशेल नापास. तो बॅटरी वाचवायला झोपलेला असतो. समोर शरीराची उष्णता हलली की सेन्सर त्याला उठवतो. उठायला दीड सेकंद लागतो, मी मोजलं. दाराशी येऊन थांबणाऱ्या माणसासाठी ते चालतं. पण ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, म्हणजे हा जागा होईपर्यंत फार तर मागचे लाल दिवे उरतात. आवाजाने तर तो उठतच नाही. पन्नास फुटांवर काहीही झालं असतं तरी ४:१७ला याच्याकडे काही नसतं. शिवाय एक क्लिप संपली की तीस सेकंद तो पुन्हा चित्रण घेत नाही, हाही बॅटरी वाचवायचाच उपाय. भाच्याला दाराशी पाठवून लगेच परत ये म्हटलं, तर येतानाचा आला, जातानाचा नाहीच. हे तीस सेकंद सेटिंगमध्ये कमी होतात, पण मग बॅटरी दोन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांत उतरते. मी कमी केले. दर तीन आठवड्यांनी बॅटरी काढणं आता माझ्या वाट्याला.

वरचा सतत चालू असतो, म्हणून त्याच्याकडून आशा होती. माइक आहे, पण आवाज बंद! तोही आलेलाच बंद. चालू केला आणि दुसऱ्याच दिवशी तपासायला म्हणून मागचं लावलं, तर शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या राहून फोनवर सुनेबद्दल बोलत होत्या, अगदी स्वच्छ. मी चटकन बंद केलं. चित्रापेक्षा आवाजाच्या नोंदीबद्दल बऱ्याच देशांचे कायदे कडक आहेत, ते उगीच नाही. सरळ काकूंकडे जाऊन सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “रेकॉर्ड कर, पण ऐकत बसू नकोस.” आता रात्री अकरा ते सहा आवाज चालू, बाकी बंद. तेवढं वेळापत्रक लावता येतं, याचे गुण कंपनीला देते.

रात्रीच्या चित्राबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती जाहिरातीबद्दल आहे. ‘रात्री रंगीत’ हे दिवा जवळ असेल तरच. एरवी इन्फ्रारेड चालू होतं आणि सगळं काळंपांढरं. आमची पांढरी गाडी, समोरच्यांची चंदेरी आणि कोपऱ्यावरची फिकट निळी, रात्री दोन वाजता तिन्ही पांढऱ्या. काळं जाकीट घातलेला भाचा राखाडी-पांढऱ्या कपड्यांतला निघाला. काही काळी कृत्रिम कापडं इन्फ्रारेडमध्ये अशीच उजळ दिसतात. नंबरप्लेट तर प्रकाश परतवण्यासाठीच बनवलेली, ती नुसता पांढरा चौकोन होते. मोठं करून बघायला गेलं की चौकोनाचे आणखी चौकोन. आयडाहोत एफबीआयच्या तज्ज्ञाने चित्रणावरून आधी २०११ ते २०१३ची ह्युंदाई एलांत्रा असं सांगितलं, मग मर्यादा २०१६पर्यंत वाढवली. गाडी निघाली २०१५ची. पोलिसी तपासाच्या क्षेत्रात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाची ही गत, तर आपण मोबाइलवर बघून “हाच तो” म्हणणारे कोण!

याच ओघात कोळ्याचं सांगून टाकते. भिंगासमोर जाळं विणलं, इन्फ्रारेडने कोळी लख्ख उजळला आणि एका रात्रीत फोनवर दोनशे बारा सूचना आल्या. वैतागून मी सूचना बंद केल्या आणि पुढचे पाच आठवडे परत चालूच केल्या नाहीत. आता महिन्यातून एकदा केरसुणी फिरते.

आता साठवणूक, कारण इथे मी खरी हादरले. माझं चित्रण सेकंदाला चार मेगाबिट वेगाने लिहिलं जातं. म्हणजे दिवसाला साधारण ४३ जीबी. एक टीबीची डिस्क तेवीस दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवं बसतं. आयडाहो पोलिसांनी त्या पांढऱ्या एलांत्राबद्दल लोकांना जाहीर विचारलं ते ७ डिसेंबरला. खुनांनंतर चोविसाव्या दिवशी. परिसरातली चित्रणं मागायचं काम त्याआधीच सुरू झालं होतं, ते बरं. पण एखाद्याला ७ डिसेंबरला आठवलं असतं की अरे, अशी गाडी आपल्याकडून गेली का बघू, आणि त्याच्याकडे माझा रेकॉर्डर असता, तर आदल्याच दिवशी पुसलं गेलेलं. मी दुसऱ्याच दिवशी मोठी डिस्क आणली. सेकंदाला पंचवीसऐवजी पंधरा फ्रेम केल्या. दोन्ही मिळून आता सत्तर दिवसांच्या पुढे जातं. फ्रेम कमी झाल्याचं आईलासुद्धा कळलं नाही.

दारावरच्या क्लिपा कंपनीच्या क्लाउडवर जातात, त्याला वर्गणी. वर्गणीपेक्षा मला त्या कोण बघतं याची धास्ती. २०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या दारावरचे कॅमेरे विकणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला होता, त्यात कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खाजगी व्हिडिओ बघता येत होते हेही होतं, आणि कंपनीने ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. दारावरचा ठेवलाय, आतल्या खोलीत मात्र एकही कॅमेरा लावणार नाही.

चित्रण बाहेर काढून देणं हा वेगळाच वैताग. पोलिसांना फाइल द्यायला पेनड्राइव्ह लावला तर रेकॉर्डर आपल्याच खास प्रकारात फाइल देतो, ती उघडायला त्याचाच प्लेअर लागतो आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत त्याबद्दल दीड ओळ. मी घायकुतीला येऊन पडद्याचाच फोनवर व्हिडिओ काढून पाठवू का विचारलं. ते म्हणाले, नको, मूळ फाइलच द्या, चित्रण पुन्हा कॉम्प्रेस झालं की हातात काही उरत नाही. चाळीस मिनिटं लागली. ती दुचाकी पुढे सापडली की नाही, मला कळलेलं नाही.

कोहबर्गरने २ जुलै २०२५ला गुन्हा कबूल केला आणि त्याला एकापाठोपाठ भोगायच्या चार जन्मठेपा झाल्या. खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे त्या ४:१७च्या आवाजाची ज्युरीसमोर उलटतपासणी कधी झालीच नाही. मला ती वाचायची होती, हे कबूल करते.

गुण: दारावरचा दोन, आईचा धरला तर चार. वरचा, आला तसा वापरलात तर दीड. मेनूत तासभर घालवून घड्याळ, आवाज, डिस्क नीट केलीत तर चार. दर महिन्याच्या १ तारखेला फोनवर सेकंदांचं घड्याळ लावून दोन्ही भिंगांसमोर धरते आणि फरक वहीत लिहिते. या महिन्यात दारावरचा दोन सेकंद पुढे. वरचा बरोबर.