डोळ्यात काही घुसलेल्या मुलासाठी फॉक्स शील्ड: कुठे उपयोगी, कुठे अपुरं

फॉक्स शील्ड म्हणजे भोकं पाडलेली, मधे फुगीर अशी अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी. तिचं काम एकच: डोळ्याला कशाचाही स्पर्श होऊ न देणं. बरोबर बसवली तर ते काम ती चोख करते. मात्र मोठ्यांच्या मापाची वाटी तीन वर्षांच्या मुलाला तशीच लावली तर ती नाकाच्या पुलावर आणि गालाच्या मऊ भागावर टेकून डगमगते.

या कामासाठी कापसाची पट्टी अजिबात चालत नाही. नेत्रगोल फाटला असेल तर पट्टीच्या हलक्या दाबानेही आतला भाग जखमेतून बाहेर येऊ शकतो. काही प्रथमोपचार संचांमध्ये शील्डसोबत मऊ पॅडही येतो. ताज्या जखमेत तो शील्डखाली ठेवायचा नाही, कारण शील्डने वाचवलेला दाब तोच परत आणतो. आमच्या मते या संचांचा सर्वात मोठा दोष हाच.

बसवताना शील्डच्या कडा वर भुवईच्या हाडावर, खाली गालाच्या हाडावर आणि आत नाकाच्या बाजूला टेकल्या पाहिजेत. अ‍ॅल्युमिनियम बोटांनी वाकतं, म्हणून छोट्या चेहऱ्यासाठी बाहेरची कड आधीच, डोळ्यापासून दूर धरून वाकवून घ्या. कपाळ आणि गाल पुसून कोरडे करा. अश्रू आणि घामामुळे चिकटपट्टी सुटते आणि शील्ड घसरून थेट पापणीवर येतं. कपाळाच्या मध्यापासून गालाच्या बाहेरच्या बाजूपर्यंत तिरक्या दोन-तीन पट्ट्या पुरतात. डोक्याभोवतीच्या लवचीक पट्ट्यावर विसंबू नका, मूल तो क्षणात ओढतं. चांगला डोळा उघडा ठेवा. दोन्ही डोळे झाकले की लहान मूल घाबरून रडतं, आणि रडण्याने डोळ्यातला दाब वाढतो.

पेन्सिल किंवा काडी अजून बाहेर डोकावत असेल तर हे शील्ड निरुपयोगी. वस्तू उपटायची नाही: ती एखादी रक्तवाहिनी दाबून धरत असू शकते. तिच्यावर कागदी पेला उलटा ठेवून कडा हाडांवर टेकवा आणि चिकटवा. वस्तू लांब असेल तर पेल्याच्या तळाला भोक पाडून ती त्यातून बाहेर राहू द्या.

शील्डचा खरा धोका वेगळा आहे. ते लावलं की जखम लहानशी वाटू लागते. पापणीवर जेमतेम काही मिलिमीटरचा छेद, नजर ठीक, मूल खेळतंय, म्हणून घरी पाठवलं जातं. मुलांमध्ये डोळ्याच्या खोबणीचं छत पातळ असतं, कपाळातली सायनस (हाडातली हवेची पोकळी) अजून पुरेशी वाढलेली नसते, आणि छतापलीकडे थेट मेंदूचा पुढचा भाग. वरच्या पापणीतून गेलेली काडी तिथवर पोहोचू शकते. काय घुसलं, किती लांब होतं, बाहेर आलेला तुकडा पूर्ण आहे का, हे विचारा, आणि तो तुकडा सोबत न्या.

अशा जखमेत 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा सीटी हवा, तिन्ही दिशांत. कोरडं लाकूड सीटीवर हवेसारखं काळं दिसतं. नेहमीच्या खिडकीत, म्हणजे चित्रातल्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या नेहमीच्या मांडणीत, ते हवेचा बुडबुडा समजून सुटतं. म्हणून खिडकी रुंद करून पाहावं, आणि सरळ कडांची ‘हवा’ दिसली तर ती लाकूड समजावी. धातू नाही याची खात्री झाल्यावरच एमआरआय. वस्तूचा मार्ग कॅव्हर्नस सायनसकडे (डोळ्यामागे कवटीच्या तळाशी असलेल्या, रक्ताने भरलेल्या पोकळीकडे) जात असेल तर रक्तवाहिन्यांचा सीटीही.

शील्डखाली थेंब, मलम काहीही नको. खाणंपिणं बंद, कारण भूल लागणार. डोकं 30 अंश वर. उलटी टाळायला ऑन्डान्सेट्रॉन, किलोमागे 0.1 ते 0.15 मिलिग्रॅम, एका वेळी 4 मिलिग्रॅमपर्यंत. वेदनेला पॅरासिटामॉल द्या; अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा. शिरेतून प्रतिजैविकं, धनुर्वाताच्या लशीची चौकशी. थेंबाच्या आकाराची बाहुली, बाहुलीपुढच्या कप्प्यात रक्त किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर चहूबाजूंनी फुगलेलं लाल आवरण दिसलं तर नेत्रगोल फाटला असं धरून चाला: पापण्या जोराने उघडू नका, दाब मोजू नका, तपासणी भुलेखाली करा. नेत्रगोलाची शिवण शक्यतो 24 तासांत व्हावी.

शील्ड एकदा लावून विसरायचं नसतं. डोळा बाहेर ढकलला जाऊन दगडासारखा कडक झाला आणि नजर उतरू लागली, तर खोबणीत रक्त साचलंय. दृष्टीची नस फार तर दीड-दोन तास तग धरते. तेव्हा सीटीची वाट न पाहता डॉक्टरांना पापण्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब मोकळा करावा लागतो. या देखरेखीसाठी पारदर्शक प्लास्टिकचं शील्ड सरस: न उचलता सूज आणि स्राव दिसतात. पण ते वाकत नाही, म्हणून लहान मापच घ्यावं.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तोवर झोपताना शील्ड लागतं. तिथे अ‍ॅल्युमिनियम चालेल. दिवसा मात्र आठेक वर्षांखालच्या मुलाला पारदर्शकच द्या, कारण या वयात डोळा सतत झाकलेला राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि नीट शिवलेला डोळाही आळशी होतो.