पावलांचा आकडा की तळ्यावरची सोबत?

रोज चालायचं ठरवलं की ते टिकवायला दोन आधार मिळतात: मनगटावरचं घड्याळ, नाहीतर माणूस. ठाण्यात मी दोन्ही करून पाहिलं.

घड्याळ सुरुवातीला जोर देतं. पण त्यातला रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आलाय, वैद्यकीय नियमातून नव्हे. एक दिवस तो हुकला की मन खट्टू होतं आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ चार्जिंगलाच राहतं.

कचराळी तलावाला मात्र शेजारच्या काकूंबरोबर जाते. सकाळी सहाला त्या गेटपाशी उभ्या असतात. "अगं, आज येत नाहीस?" एवढ्या फोनने पाय निघतात. जुलैच्या धो धो पावसात आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या, पण चुकवलं नाही. त्या गावाला गेल्या की माझंही चालणं थांबतं, ही उणीव खरीच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. इतके दिवस काढायचे तर मी काकूंच्याच बाजूची. घड्याळ आठवड्याला १५० मिनिटं चालणं होतंय का, एवढं मोजायला ठेवलंय.