पार्ल्यातला पोकरचा क्लास: फी वसूल, पण एक धडा अर्धाच

पार्ले पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर रविवारी सकाळी पोकर शिकवतात. नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सवर, पैसे लावून नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आलीच आहे, त्यामुळे 'कुठल्या ॲपवर खेळू?' असं विचारलंत तर सर सरळ विषय बदलतात. आमच्याकडे दिवाळीत रात्रभर तीनपत्ती चालते, त्या जोरावर मी नाव घातलं.

सर वयाने लहान, पण शिकवतात झकास. त्यांचं म्हणणं एकच: चांगली पानं आज ना उद्या सगळ्यांनाच येतात, कमाई होते ती समोरचा चुकतो तेव्हा. आणि हे ते खेळून दाखवतात. माझ्याकडे दोन काळे एक्के, टेबलावर सगळ्यांसाठीची चार पानं उघडी, त्यांत दोन बदाम, पाचवं यायचं. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, ६०० चा. समोर एक निवृत्त काका, त्यांच्या हातातही दोन बदाम. मी ६०० लावले, काकांनी हसत हसत कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, आणि शेवटचं पान बदामाचंच! पाच बदाम झाले की एक्क्यांची जोडी हरते. मी अशी वैतागले!

"ताई, चिडू नका," सर म्हणाले. "काका, हाच कॉल परत करा."

मग तोच डाव पुन्हा पुन्हा. उरलेल्या ४४ पानांत बदाम ९, म्हणजे काका पाचात जेमतेम एकदा जिंकणार. १२०० साठी ६०० टाकायचे तर तीनात एकदा तरी जिंकायला हवं. अशा प्रत्येक कॉलमागे काकांच्या खिशातून सरासरी २३० माझ्याकडे येतात. त्यांनी पानं टाकली असती तर माझी ६०० वरच बोळवण. उलट मी १०० च लावले असते, तर कॉल करण्यात काकांचं काहीच चुकलं नसतं. स्वस्तात पान दाखवणारी मीच ठरले असते. काका मात्र शेवटपर्यंत कॉल करतच राहिले, देव त्यांचं भलं करो.

तक्रार आहे ती पुढची. डावात तिसरा गडी असेल तर एकाच्या चुकीचे पैसे माझ्याकडेच येतील असं नाही, बदाम लागला तर काका त्याचेही पैसे घेऊन जातात. यावर सरांनी पाच मिनिटंही दिली नाहीत. कॅसिनोत पॉटमधून कापला जाणारा रेक तर वहीत आलाच नाही, आणि असली बारीक कमाई तोच खातो.

फी तीन हजार, चहा त्यात धरलेला. ठाण्याहून येणाऱ्यांनी आधी मेगाब्लॉक बघावा, सर उशिरा आलेल्यांसाठी थांबत नाहीत. टेबल एकच आहे, म्हणून आठाच्या वर माणसं असतील तर पुढची बॅच धरा.