फळमाशीचा सापळा: घेताना आतली वडी कुठली ते आधी विचारा

आमच्या परसात दोडक्याचा एक वेल, कारल्याचे दोन आणि एक जुना पेरू. जुलै संपता संपता दोडके वाकडे व्हायला लागले, सालीवर बारीक भोक आणि त्यावर डिंकाचा थेंब, चिरला की आतून पांढऱ्या अळ्या टुणकन उडी मारून विळीवर. सासूबाईंनी विळी तिथेच टाकली आणि म्हणाल्या आता बाजारातनंच आण बाई.

म्हणून कृषी सेवा केंद्रातून सापळा आणला, तो पिवळं झाकण आणि खाली पारदर्शक डबा असतो ना तोच, आत औषधात भिजवलेली लाकडाची वडी, एकशे वीस रुपये. चार दिवसांत तळाला माश्यांचा थर! मी तर फोटो काढून सगळ्या बहिणींना पाठवले. पण दोडके सडायचे ते सडतच होते.

मग कळलं की डबा तोच असला तरी माशीला वासाने ओढणाऱ्या वड्या दोन प्रकारच्या असतात. मिथाईल युजेनॉल आंबा, पेरू, चिकूच्या माशीसाठी आणि वेलवर्गीय भाज्यांच्या माशीसाठी क्यू ल्युअर. मी दोडक्यासाठी पाहिजे असं स्पष्ट सांगूनही दुकानदाराने पहिलीच दिली (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही), म्हणजे मी खूश होत होते त्या सगळ्या पेरूच्या माश्या. हेच मिथाईल युजेनॉल तुळशीतही असतं, तेव्हा तुळशीवर माश्या का घोंगावतात तेही समजलं.

क्यू ल्युअरची वडी आणून दुसरा सापळा मांडवाला सावलीत लटकवला, त्यात माश्या कमी पडल्या पण पडल्या. आता खरी गोम, या वासाला फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी डब्याकडे ढुंकूनही बघत नाही, नर कमी झाले की माद्या बिनजोडीच्या राहतात आणि पुढची पिढी घटते असा तो हिशोब. मोठ्या शेतात एकरभर सापळे लावले तर ठीक, पण आमच्यासारख्या दोन गुंठ्यांत शेजारच्या परसातून जोडी जमवून आलेली मादी येऊन डंख मारून जाते, तिला काय करणार? त्यामुळे नुसत्या सापळ्यावर भरवसा ठेवून बसाल तर दोडका मिळायचा नाही. माशी आली की नाही ते सांगायला मात्र एक नंबर, डब्यात दोन दिसल्या की मी लगेच फळांना पिशव्या बांधायला घेते.

पिशव्या म्हणजे जुन्या ओढणीच्या शिवलेल्या. फूल वाळून दोडका बोटाएवढा झाला की चढवायची आणि सैल गाठ मारायची. आधी वर्तमानपत्र गुंडाळलं होतं, एका पावसात त्याचा लगदा झाला. पेरू लिंबाएवढे असतानाच बांधले, वरच्या फांदीला हात पोचत नाही ते माशीला सोडले.

आणि एक मूर्खपणा माझाच, सडके दोडके मी कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकत होते, अळ्या मातीत जाऊन कोष करतात म्हणजे मीच माश्या पाळत होते की! आता पडलेलं फळ रोजच्या रोज उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकते.

सापळ्याला पाचपैकी तीन. वडीचा वास दीडेक महिन्यात उतरला, नुसती वडी वेगळी मिळते, डबा पुन्हा घेऊ नका. एक स्टार झाकणासाठी कापला, वाऱ्याने दोनदा निसटलं आणि मेलेल्या माश्यांचं पाणी सगळं माझ्या चपलेवर.